मामाच्या गाडीची पारख

हे मी लिहून ठेवणारच नव्हतो. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. एक तर कुळातलं कुळातच राहावं असं आईचं म्हणणं. दुसरं म्हणजे नाना न्सिया आमच्या कुळातले थोरले, त्यांची फजिती आपण कशाला लिहायची. पण मागच्या शनिवारी माम्पोंगला एका मयताच्या मांडवात नानांनी स्वतःच ही गोष्ट चार गावच्या लोकांना हसत हसत सांगितली. तीही चुकीची. त्यांच्या गोष्टीत गाडी लाल होती.

गाडी राखाडी आहे. म्हणून लिहितोय.

मोठ्या मामाला, म्हणजे ओतेंग मामाला, जाऊन वर्ष झालं होतं. शनिवारी वर्षाचा विधी झाला. रविवारी चर्चमध्ये देवाचे आभार मानून आम्ही सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत ताफोला मामीच्या अंगणात येऊन बसलो. भांडीकुंडी, कपडे, छत्र्या, मामाचं घड्याळ, सगळ्याचं वाटप आधीच झालं होतं. राहिली होती फक्त गाडी. आंब्याखाली उभी. मागच्या काचेवर मामानं पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलेलं: विचारू नका.

आमच्यात मामाचं भाच्याकडे जातं, पोरांकडे नाही. मामाच्या जागी कुळानं मला बसवलं ते चाळिसाव्या दिवशीच. म्हणजे कागदावर मी बाप झालो बेदियाकोचा. बेदियाको मामाचा पोरगा, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, आणि माझा जिगरी दोस्त. तो तेव्हापासून मला "बाबा" म्हणतो आणि खिशात हात घालून "बाबा, खाऊला द्या ना" म्हणतो.

पण जागी बसवलं म्हणजे मी मालक झालो असं नाही. वस्तू कुळाची, मी नुसता सांभाळणारा. मी उठून "ही गाडी मामीला दिली" म्हणालो असतो तर बाडू मामा लगेच म्हणाला असता, "पोराला नको असेल तर मला आहे की." बाडू मामा आईचा धाकटा भाऊ, ओबुआसीचा. आणि तो म्हणाला असता तर ते रीतीला धरूनच झालं असतं. सरकारी कायद्यात विधवेला पुष्कळ काही आहे, मामीला ते माहीत होतं. पण कुळाला कोर्टात ओढणारीच्या घरच्या मयताला उद्या कोण उभं राहणार?

आणि खोटं कशाला बोलू, गाडी मलाही हवी होती. मी केजेटियाच्या बाजारात फोन दुरुस्त करतो. मान वाकडी झाली आहे. फोनवरून बोलावतात तसली टॅक्सी चालवायची असं डोक्यात पक्कं होतं, आणि आईनं तर शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलं होतं.

मामीचं काय होतं ते सांगतो. दुफिए मामी हॉस्पिटलच्या फाटकाशी वाच्ये विकते. वाच्ये म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, वर शितो, म्हणजे तिखटजाळ मिरचीचं काळं कालवण. पहाटे चार मोठी पातेली या गाडीतून जातात, बेदियाको चालवतो. गाडी गेली की पातेली घरी. पातेली घरी की चूल बंद. एवढं सरळ होतं ते.

"चला," नाना म्हणाले. "आधी बघू तरी आहे काय ते. कुळाच्या तोंडावर सांगायचं, गाडी कशी आहे, कोणाला परवडेल. मग कोणाची ते ठरवू. बाडू, तुला कळतं ना यातलं?"

"नाना, ओबुआसीत लोक मला न दाखवता गाडी घेत नाहीत," बाडू मामा म्हणाला. खिशातून त्यानं लोहचुंबक काढलं.

आई माझ्या कानात म्हणाली, "हा चुंबक घेऊन देवाच्या घरी गेला होता?"

बाडू मामानं पारख सुरू केली. मी वाईट सांगणार नाही, त्याला खरंच कळतं. चुंबक दारादारावरून फिरवलं. पत्रा असेल तर चिकटतं, आत पुट्टी भरली असेल तर पडतं. मागच्या उजव्या दारावर पडलं.

"ठोकली होती," मामा ओरडला.

"चर्चच्या फाटकाला घासली," मामी म्हणाली. "पाद्री आत होते. विचारा त्यांना."

मग त्यानं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, पुरातली गाडी असेल तर तिथे चिखलाची रेघ सापडते. नव्हती. चारही कोपरे दाबून सोडले. पुढचे दोन एकदा हलून थांबले. मागचे हललेच नाहीत.

"हे काय? मागं व्हॅनच्या स्प्रिंगा घातल्यात?"

"पातेली जड असतात, मामा," बेदियाको म्हणाला.

बाडू मामानं मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकला. मागं बसायची गादीच नव्हती. फळी होती, फळीला गोल भोकं कापलेली, प्रत्येक भोकात एक पातेलं बसेल अशी. सगळ्या गाडीला शितोचा वास.

"भावाची सेडान होती ही!" तो म्हणाला. "जर्मनीहून आली तेव्हा सीटवरचं प्लास्टिकसुद्धा वर्षभर काढू दिलं नव्हतं त्यानं. वहिनी, तुम्ही तिचं स्वयंपाकघर केलंत!"

"त्यांनीच केलं, भावजी," मामी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "फळी त्यांनी स्वतः कापली. शितोचं भोक डावीकडे, कारण उजवीकडे ठेवलं की चौकातल्या वळणावर सांडतं. एकदा सांडलं होतं. तीन दिवस गाडीत बसलं की डोळ्यांतून पाणी. तेव्हा कापली."

सगळे हसले. बाडू मामा नाही हसला.

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं, पण इथेच लिहितो. तो फळीकडे बघत होता आणि त्याला दर शनिवार आठवत होता. ओबुआसीचे सगळे भाऊबंद मयताला आपापल्या गाडीतून उतरतात, काळं कापड खांद्यावर नीट करतात. हा ट्रोट्रोतून, म्हणजे खचाखच भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमधून उतरतो. कोणाची तरी कोंबडी मांडीवर असते. कापडाला चुरगळ्या पडलेल्या असतात. त्याला गाडी मिरवायला नको होती. त्याला फक्त एकदा बिनचुरगळीचं उतरायचं होतं. हे तेव्हा कळलं असतं तर मी त्याच्यावर एवढा चिडलो नसतो.

"फळी काढता येते," तो म्हणाला आणि बॉनेट उघडलं.

बेदियाको माझ्याजवळ सरकला. "नेतोय रे हा."

"बघू."

"काय बघू? तू नेलीस तरी तेच ना." मग तोच ओशाळला. "तसं नाही. तू नेलीस तर बरंच आहे. पण आईचं काय करायचं ते सांग."

त्याच्याकडे अजून एक गोष्ट होती जी फक्त मला माहीत होती. सुन्यानीच्या नर्सिंग कॉलेजात त्याला जागा मिळाली होती. फाटकाशी पातेली उतरवता उतरवता त्याला ते वेड लागलं, तिथल्या नर्सबाई त्याला पुस्तकं द्यायच्या. आईला त्यानं सांगितलंच नव्हतं. गाडी राहिली तर चालवायला तो हवा, गाडी गेली तर आईला पोसायला तो हवा. कसंही झालं तरी सुन्यानी नाही.

तिकडे बाडू मामानं इंजिनावरचं झाकण काढलं. तेलाची काडी काढून बोटांवर तेल चोळून बघितलं. पाण्यात तेल नाही, तेलात पाणी नाही. मग प्लगांच्या वायरी उपटल्या, प्लग काढून उजेडात धरले.

"प्लग तर झकास आहेत," तो थोडा नाराज होऊनच म्हणाला. प्लग परत बसवले, वायरी वर नुसत्या टेकवल्यासारख्या केल्या. "चालवून बघू. नाना, चला."

"थांब," नाना म्हणाले. "ओतेंगला न विचारता त्याची गाडी हलवायची?"

कोणीतरी श्नॅप्सची, म्हणजे पितरांना द्यायच्या कडक दारूची बाटली आणली. नाना उठले, चप्पल काढली, कापड खांद्यावरून खाली घेतलं. सगळे उभे राहिले. पितरांना पेय ओतायचं ते जमिनीवर, हे लहान पोरालाही माहीत आहे. नानांनी तर आयुष्यभर ओतलंय. पण त्या दिवशी ते बॉनेटपाशी गेले, आत बघितलं, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"ओतेंग," ते म्हणाले. "तू जमिनीवर कधी बसलास रे? मी जेव्हा जेव्हा या घरी आलो तेव्हा तुझं डोकं यात होतं आणि मला तुझा नुसता पार्श्वभाग दिसला. मग मी जमिनीवर कशाला ओतू? हे घे. इथंच घे. पी."

आणि इंजिनावर ओतली.

"नाना..." मी म्हणालो.

"श्श," आई म्हणाली.

"तू आमची पोरं पोसलीस, घे. तू आमची मयतं वाहिलीस, घे. वर्षभर आमच्यात भांडणं झाली नाहीत, घे..." प्रत्येक "घे"ला एक धार. नानांचा हात सढळ. आम्ही सगळे "हो, हो" म्हणत होतो, तशी रीतच आहे. मी "हो" म्हणत होतो आणि बघत होतो, श्नॅप्स प्लगांच्या खड्ड्यांत कशी साठतेय. टेकवलेल्या वायरींच्या आजूबाजूनं. चारही खड्ड्यांत.

बाडू मामा डोळे मिटून "हो" म्हणत होता. भाऊच होता त्याचा. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, आणि ते खरं होतं.

त्यानं बॉनेट लावलं. मी चालवायला, नाना पुढे. बाडू मामा, आई आणि मामी मागच्या फळीवर, पातेल्यांसारखे भोकांत बसून. बेदियाको कुठेच मावेना, तो डिकीत, झाकण उघडं ठेवून.

मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण अशी सुरू झाली की नानांची टोपी पडली. अख्खी गाडी गदगदायला लागली. चारातले दोन सिलिंडरच चालत होते, फार तर.

"थंडी भरली काय हिला?" नाना म्हणाले.

फाटकातून बाहेर पडलो. सपाटीवर कशीबशी चालली. मग चढ आला. आई सांगते की मागून एक म्हातारी टोपली घेऊन आम्हाला मागे टाकून गेली आणि वर पोचून आमच्यासाठी थांबली. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघायला लागली. आणि गाडीत दारूचा असा वास सुटला की मामीनं हळूच नानांकडे बघितलं, आणि आईनं पण.

"माझ्याकडे काय बघता?" नाना म्हणाले. "मी अजून एक घोटसुद्धा घेतलेला नाही."

"पांढरी वाफ!" बाडू मामा फळीवरून ओरडला. "हेड गॅस्केट गेलंय! मी सांगतो, हेड गेलं. इंजिन संपलं हे."

डिकीतून बेदियाकोचा आवाज आला, "मामा, सकाळी तर ही गाडी चर्चला..."

मी करकचून ब्रेक मारला. बेदियाको डिकीत आपटला आणि वाक्य तिथेच राहिलं.

"ब्रेक चांगले आहेत," नाना म्हणाले.

त्या क्षणी मी काही ठरवलं होतं असं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की तासाभरात ही दारू उडून जाईल आणि गाडी पूर्वीसारखी होईल. हे मला माहीत होतं, बाकी कोणाला नाही. आणि बोललो की गाडी माझी, किंवा बाडू मामाची. गप्प राहिलो की काय, ते पुढचं पुढे.

आरशात बघितलं तर आई माझ्याकडेच बघत होती.

आईचं मला नंतर कळलं. तिनं मला लहानाचं मोठं केलंय, माझा पाय ब्रेकवर का पडला ते तिला न सांगता कळतं. पहिल्यांदा ती चिडली. पोरगं स्वतःच्या हातानं स्वतःची टॅक्सी घालवतंय. बोलणारच होती. पण गाडी गदगदली आणि ती मामीच्या खांद्यावर आदळली. मामीनं तिला धरलं. दोघी गेली पाच-सहा वर्षं एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. एका लग्नातल्या कापडावरून बिनसलं होतं. तर मामीनं धरलं, आणि शितोचा वास नाकात गेला, आणि आईला हॉस्पिटलची खाट आठवली. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज सकाळी कोणीतरी नर्सच्या हाती पानात बांधलेलं वाच्ये पाठवायचं, शितो वेगळा, कमी तिखट. कोणी पाठवलं ते नर्स सांगायची नाही. आईला वासावरूनच कळलं होतं. तिनं खाल्लं. बरी होऊन घरी आली. आणि आभार मात्र मानले नाहीत, कारण मानायचे तर आधी बोलायला लागलं असतं.

"वन्सं, लागलं का?" मामी म्हणाली.

"नाही," आई म्हणाली. आणि मग गप्प बसली. आमच्या आईचं गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही.

अंगणात परत आलो. मी बंद करणार तोच बाडू मामा म्हणाला, "राहू दे चालू. बंद केलीस तर परत सुरू व्हायची नाही, मग ढकलत कुठं नेणार?" म्हणून गाडी आंब्याखाली तशीच गदगदत, वाफ सोडत उभी.

"बोल बाडू," नाना बसले. "कुळाच्या तोंडावर सांग. कशी आहे?"

"नाना, पत्रा बरा आहे. गिअर बरा आहे. पण इंजिन म्हणजे शवपेटी आहे. मी ही ओबुआसीला नेऊ? वाटेत मरेल. याव सार्फोला द्या म्हणाल तर पोराच्या गळ्यात धोंडा." याव सार्फो म्हणजे मी. "राहू दे वहिनींकडे. पातेली ठेवायला कपाट म्हणून कामाला येईल."

"सार्फो? तुझं काय? तू जागेवर बसलेला आहेस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडी मागं खॉक खॉक करत होती.

"मला मामीकडेच राहिली तर चालेल," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. म्हणजे तोंडातून बाहेर पडेपर्यंत अर्धं खोटं होतं. बाहेर पडल्यावर पूर्ण खरं झालं, का ते मला सांगता येत नाही.

"पोकुआ?"

आई म्हणाली, "माझ्या भावानं फळी जिच्यासाठी कापली तिच्याकडे राहू द्या."

मामीनं मान वर केली. तिला काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं. तिनं मला सांगितलं की ती त्या वेळी फक्त एकच विचार करत होती, की हेड दुरुस्त करायला तिचा चुलत भाऊ ओळखीचा मेकॅनिक देईल का.

"मग झालं," नाना म्हणाले. "ही गाडी कुळानं दुफिएला आणि तिच्या पोरांना दिली."

पण झालं नव्हतं. आमच्यात दिलेलं तोवर दिलेलं नसतं जोवर घेणारा सगळ्यांसमोर आभाराची बाटली ठेवत नाही आणि देणारे ती पीत नाहीत. त्याला आसेदा म्हणतात. ती प्यायली की मग कोणाच्या बापाला परत घेता येत नाही. प्यायली नाही तर सगळं हवेत.

आणि मामीच्या घरात बाटली नव्हती. होती ती इंजिनात गेलेली.

"बेदियाको, पळ," मी म्हणालो. तो असा पळाला की एक चप्पल अंगणातच राहिली.

आम्ही वाट बघत बसलो. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. गाडीचा आवाज बदलत होता. खॉक खॉक मधून एक खॉक गेला. तिसरा सिलिंडर जागा झाला. वाफ विरळ झाली. मी फोन दुरुस्त करतो पण कान मामानं तयार केलेत. अजून थोड्या वेळात चौथा.

बाडू मामानंही मान वळवली.

"काय रे, ही..."

"देवाचे आभार!" आई एकदम उभी राहून किंचाळली. नाना दचकले. "रविवार आहे! कुळात वर्षभर भांडण झालं नाही! आणि आपण नुसते बसून राहतो?" आणि तिनं गाणं धरलं. चर्चमध्ये सकाळी म्हटलेलं, सगळ्यांत मोठ्या आवाजातलं, ज्यात टाळ्या आहेत तेच. आईचा आवाज म्हणजे बाजारात तीन गल्ल्या पलीकडे जातो. मामी बघतच राहिली. मग तीही उठली, का ते न कळता, आणि तिनं दुसरा सूर धरला. मग सगळ्या बायका. पांढऱ्या-काळ्या कपड्यांच्या कमरा हलायला लागल्या, रुमाल हवेत.

"पोकुआताई, अगं मी काय म्हणतोय..." बाडू मामा.

आईनं त्याचा हात धरून त्याला ओढलं. "नाच रे, मेल्या! भावाच्या वर्षाला नाचायचं नाही?"

तो नाचला. न नाचून जातो कुठं. आई त्याला नाचवत नाचवत आंब्यापासून लांब घेऊन गेली, पार कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

बेदियाको एका पायात चप्पल घालून परत आला. मामीनं बाटली नानांपुढे गुडघ्यावर बसून ठेवली. "नाना, कुळानं मला उघड्यावर टाकलं नाही. आभारी आहे." तिचा आवाज गाण्यात बुडाला, पण नानांनी ओठांवरून वाचलं. नानांनी बाटली उघडली. या वेळी जमिनीवर थेंब ओतले, बरोबर जमिनीवर. मग एक घोट घेतला. मग ग्लास माझ्याकडे. मग आईकडे. आईनं नाचता नाचता घोट घेतला आणि ग्लास बाडू मामाच्या तोंडाला लावला. तो प्यायला. ओठ पुसले.

आई गाणं तिथल्या तिथे थांबवून खाली बसली.

अंगण शांत झालं. आणि त्या शांततेत आंब्याखाली गाडी चालू होती. शिवणाच्या मशीनसारखी. एकसारखी, हलकी, गोड.

बाडू मामा हळूहळू चालत गाडीपाशी गेला. बॉनेट उघडलं. वाकला. हुंगलं. परत हुंगलं.

"हिला दारू कोणी पाजली?"

सगळ्यांनी नानांकडे बघितलं.

"मी कुठं?" नाना म्हणाले. "ओतेंग प्यायला." मग त्यांना एकदम उमगलं, अगदी माझ्या डोळ्यांसमोर उमगलं, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे. "अरे देवा. अरे देवा, मी जमिनीवर ओतायचं सोडून..." ते हसता हसता खुर्चीवरून घसरायला लागले, दोघांनी धरलं.

"तुला माहीत होतं!" बाडू मामानं माझ्याकडे बोट केलं.

"होतं," मी म्हणालो.

"आणि तुला, ताई?"

"मला गाड्यांतलं काय कळतंय," आई म्हणाली.

"नाना, हे चालणार नाही! पारखच खोटी झाली!"

"पारख तू केलीस, बाडू," नाना डोळे पुसत म्हणाले. "आणि आसेदा तू प्यायलास. आता ती बाहेर काढून दाखव, मी परत विचार करतो."

बाडू मामा उभाच राहिला. हातात चुंबक. मला वाटलं आता उठून जाईल तो ट्रोट्रोच्या थांब्यावर. तो वायरींकडे बघत होता. मग पुटपुटला, "वायरी मीच नीट दाबल्या नाहीत." आणि वाकून एकेक वायर टक टक करत घट्ट बसवली. बॉनेट हळू लावलं, आपटलं नाही.

मामी त्याच्यासमोर वाच्येचं पान घेऊन आली. "भावजी, खा."

"भूक नाही."

"शितो जास्त घातलाय. तुम्हाला लागतो तसा." मग म्हणाली, "शनिवारी हॉस्पिटलला पातेली नसतात. गाडी रिकामीच असते. मयताला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगत जा, फळी काढून गादी बसवून ठेवू. यांनी गादी टाकली नव्हती. माळ्यावर आहे, प्लास्टिकसकट."

बाडू मामानं पान घेतलं. "प्लास्टिक काढू नका," तो म्हणाला. आणि जेवायला लागला.

आई मामीशेजारी जाऊन बसली. मी लांब होतो. एवढंच ऐकलं की आई म्हणाली, "वहिनी, तेव्हा हॉस्पिटलात शितो कमी तिखट होता." आणि मामी म्हणाली, "पोटाला टाके होते ना." बस. पाच-सहा वर्षांचं कापड तिथं मिटलं.

पाहुणे पांगल्यावर मी आणि बेदियाको इंजिन पुसत होतो. ते चिकट झालं होतं. एक चप्पल त्याला अजून सापडली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला.

"बोल, पोरा."

तो हसला नाही. "टॅक्सी गेली तुझी."

"मान वाकडीच बरी दिसते मला."

"मी सुन्यानीला नाही म्हणून कळवतोय उद्या. गाडी राहिली, आता चालवायला कोणी तरी..." तो फडकं पिळत राहिला. "आईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

मी सांगतो, मला त्या क्षणी मामाचा पार्श्वभाग आठवला. बॉनेटमध्ये डोकं घातलेला, फडकं मागं धरलेला, "सार्फो, फडकं घे" म्हणणारा. त्यानं मला गाडी दिली नव्हती. त्यानं मला चालवायला शिकवलं होतं, फुकट, याच गाडीवर, मी फाटकाला घासली तेव्हा शेजारी तोच बसला होता आणि पाद्र्याला सांगताना स्वतः घासली म्हणाला होता. त्याच्या जागेवर मला बसवलं होतं, आणि वर्षभर मी त्या जागेवर नुसता बसून होतो.

"तू सुन्यानीला जा," मी म्हणालो. "केजेटियाचं दुकान नऊला उघडतं. त्याआधी पातेली मी नेईन."

"रोज?"

"रोज. तू परत येईपर्यंत."

"उगाच बोलू नको."

"उगाच नाही बोलत. वचन."

तो माझ्याकडे बघत राहिला. नाक ओढलं. फडक्यानंच पुसलं, गालावर काळं लागलं. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि फळीवर हात मारला.

"मग ऐक. वाच्येची दोन इकडे. तिसरं मधे. नानांना बॉनेटजवळ येऊ द्यायचं नाही."

"नाही येऊ देणार."

"आणि शितो?"

"डावीकडे," मी म्हणालो. "शितो डावीकडे. वचन."